ताणावर उडणारे विमान : कंट्रोल लाइन विमानविद्येची प्रस्तावना

कंट्रोल लाइन विमान म्हणजे दोन बारीक पोलादी तारांनी पायलटच्या मुठीशी जोडलेले, स्वतःच्या इंजिनाच्या जोरावर उडणारे आणि पायलटभोवती वर्तुळात फिरणारे लहान मॉडेल विमान होय. तारांची लांबी बहुधा पंधरा ते एकवीस मीटर असते. या त्रिज्येचा एक अदृश्य घुमट पायलटच्या डोक्यावर उभा आहे अशी कल्पना केली, तर त्या घुमटाच्या पृष्ठभागावर विमानाला कोठेही जाता येते. जमिनीलगत घिरट्या घालता येतात, थेट डोक्यावर चढता येते, उलटे उडता येते, चौकोन, त्रिकोण आणि आठचे आकडे काढता येतात, मात्र घुमटाच्या आत शिरण्याची किंवा बाहेर पडण्याची मुभा त्याला नसते. मोकळे सोडलेले विमान आणि रेडिओलहरींवर चालणारे विमान यांच्या तुलनेत हा प्रकार त्यामुळे अनेकांना अपुरा वाटत आला आहे, आणि बांधून ठेवलेल्या विमानाच्या उड्डाणाला खरे उड्डाण कसे म्हणावे, हा आक्षेप आजही घेतला जातो. प्रस्तुत विवेचनाची भूमिका याच्या उलट आहे. तारांमधला ताण हाच या विद्येचा गाभा असून पंखांची लांबी, लाकडाची निवड, इंधनटाकीची जागा, पायलटची पावले कोणत्या दिशेला पडतात, या सर्व गोष्टींचा उलगडा त्या एका ताणापासून होतो. आणि वायुगतिशास्त्राचे नियम शिकणाऱ्याच्या तळहाताला इतके थेट जाणवून देणारे दुसरे साधन हौशी विमानविद्येत नाही.

यंत्रणा पाहू गेल्यास ती अत्यंत साधी आहे. पायलटच्या हातात एक उभी मूठ असते, तिला हँडल म्हणतात. तिच्या वरच्या आणि खालच्या टोकांना एकेक तार अडकवलेली असते. या दोन्ही तारा विमानाच्या डाव्या पंखाच्या टोकातून आत शिरतात आणि पंखाच्या मध्याजवळ एका खिळीवर फिरणाऱ्या पट्टीच्या दोन भुजांना जोडल्या जातात. या पट्टीला बेलक्रँक असे नाव आहे. तिच्या तिसऱ्या भुजेपासून एक कडक सळई शेपटीपर्यंत जाते आणि तेथील आडव्या झडपेला, म्हणजे इलेव्हेटरला, वरखाली हलवते. पायलटने मूठ मागे कलवली की एक तार ओढली जाते, दुसरी तेवढीच सैल सोडली जाते, बेलक्रँक फिरते, इलेव्हेटर वर उचलला जातो आणि विमानाचे नाक वर होते. मूठ पुढे कलवली की याच्या उलट घडते. विमानाला उजवीकडे किंवा डावीकडे वळवण्याचा प्रश्न येथे उद्भवतच नाही, कारण वळवण्याचे काम तार स्वतः करते. मात्र ही सारी योजना एका अटीवर अवलंबून आहे, ती अशी की दोन्ही तारा सदैव ताणलेल्या असल्या पाहिजेत. तारेने ओढता येते, ढकलता येत नाही. ज्या क्षणी ताण संपतो त्या क्षणी पायलटच्या हाती मूठ असते, पण विमान नसते.

विमान दोरीने बांधून उडवण्याची कल्पना मॉडेल इंजिनांपेक्षा पुष्कळ जुनी आहे. १८७१ मध्ये पॅरिसमध्ये आल्फाँस पेनो यांनी पिळलेल्या रबराच्या शक्तीवर चालणारे छोटे विमान मोकळे उडवून दाखवले. त्यानंतर १८७९ मध्ये व्हिक्टर तातँ यांनी दाबलेल्या हवेच्या इंजिनावर चालणारे आपले विमान शाले-म्यूदाँ येथे मध्यभागीच्या खांबाला बांधून गोलाकार मार्गावर धावू दिले आणि ते जमिनीवरून वर उचलले गेले. पेनो यांच्या विमानाने स्थैर्याचा प्रश्न सोडवला, तर तातँ यांच्या बांधलेल्या विमानाने वेग आणि उचल यांचे मोजमाप शक्य केले. संशोधकाला जे मोजायचे आहे ते एका ठिकाणी फिरत राहावे, ही दोरीची मोठी सोय होती. पायलटने दोरीतूनच विमानाला हुकूम द्यावा ही कल्पना मात्र त्यानंतर सुमारे साठ वर्षांनी आली आणि तिला चालना मिळाली ती एका व्यावहारिक अडचणीतून.

१९३० च्या दशकात अमेरिकेत ब्राउन ज्युनियरसारखी छोटी पेट्रोल इंजिने हौशी मंडळींना विकत मिळू लागली. ती महाग होती, आणि त्यांवर उडणारी मोकळी विमाने वाऱ्याबरोबर दूर जाऊन हरवत असत. महिनोन्महिने खपून बांधलेले विमान आणि त्यातले मोलाचे इंजिन एकाच उड्डाणात गमावण्याची पाळी येत असे. ऑरेगन राज्यात ओबा सेंट क्लेअर यांनी या दशकाच्या उत्तरार्धात तारा आणि बेलक्रँक यांच्या साहाय्याने नियंत्रित होणारे विमान उडवले. टेक्सासमधील शुलेनबर्ग गावी व्हिक्टर स्टॅन्झेल याच सुमारास तारेने नियंत्रित होणाऱ्या विमानांचे संच विकू लागले होते. त्यांनीच पुढे एकाच तारेला पीळ देऊन इलेव्हेटर हलवण्याची मोनोलाइन पद्धत रूढ केली. तथापि या प्रकाराला घरोघरी पोहोचवण्याचे श्रेय पोर्टलंडच्या जिम वॉकर यांना द्यावे लागते. १९४० मध्ये त्यांच्या अमेरिकन ज्युनियर एअरक्राफ्ट कंपनीने फायरबॉल हे मॉडेल बाजारात आणले, यू-कंट्रोल या नावाने पद्धतीची जाहिरात केली आणि १९४२ मध्ये तिचे पेटंट मिळवले. वॉकर हे विलक्षण प्रदर्शक होते; दोन हातांत दोन आणि डोक्यावरच्या शिरस्त्राणाला तिसरे, अशी तीन विमाने ते एकाच वेळी उडवून दाखवत. १९५० च्या दशकात त्यांनी एल. एम. कॉक्स यांच्या कंपनीवर पेटंटभंगाचा दावा लावला, तेव्हा सेंट क्लेअर यांचे आधीचे काम पुराव्यात आले आणि पेटंट रद्द ठरले. या निकालाकडे केवळ श्रेयाच्या वादाचा शेवट म्हणून पाहणे पुरेसे नाही. बेलक्रँक सर्वांची झाली, कोणत्याही कारखानदाराला परवान्याविना संच काढता येऊ लागले आणि मुलांच्या हाती ही विद्या स्वस्तात पडली, हा त्याचा खरा परिणाम होय.

आता ताणाकडे वळले पाहिजे. कसरती करणारे एखादे विमान दीड किलो वजनाचे आहे, तारा वीस मीटरच्या आहेत आणि एक फेरी साधारण ५.२ सेकंदांत पुरी होते असे धरले, तर विमानाचा वेग सेकंदाला सुमारे २४ मीटर, म्हणजे ताशी ८७ किलोमीटर, इतका येतो. विमान सरळ रेषेत निघून जाऊ पाहते आणि तारा त्याला सतत केंद्राकडे खेचत राहतात. या खेचण्याचे मान वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या या सूत्राने काढले असता पायलटच्या मुठीत सुमारे साडेचार किलो वजनाइतका ओढा येतो, म्हणजे विमानाच्या वजनाच्या तिप्पट. विमान जमिनीलगत फिरत असताना हा ओढा भरवशाचा असतो. ते चढत चढत थेट डोक्यावर आले की गुरुत्वाकर्षण त्याला पायलटकडे खाली ओढू लागते, त्यामुळे ताणातून विमानाचे पूर्ण वजन वजा होते; शिवाय चढताना वेगही थोडा घटलेला असतो, म्हणून शिल्लक ओढा तीन किलोच्याही खाली उतरतो. त्यात वाऱ्याची एखादी झुळूक समोरून आली तर तारा ढिल्या पडतात. अशा वेळी अनुभवी पायलट मुठीशी खटपट करत बसत नाही, तो झटकन दोन पावले मागे सरतो, तारा पुन्हा ताणून घेतो आणि मगच विमानाला आज्ञा देतो. कसरती नेहमी वाऱ्याकडे पाठ करून, विमान वाऱ्याच्या जाण्याच्या दिशेला असताना केल्या जातात, त्याचेही कारण हेच आहे. त्या बाजूला वारा विमानाला पायलटपासून दूर लोटतो आणि ताणाला मदत करतो.

ताण टिकवण्याची तरतूद विमानाच्या हाडांतच करावी लागते, आणि यामुळे कंट्रोल लाइन विमानाचे शरीर इतर विमानांहून वेगळे दिसते. बारकाईने पाहणाऱ्याला प्रथम जाणवते ते असे की त्याचे दोन पंख सारखे नसतात. आतला, म्हणजे पायलटकडचा, पंख बाहेरच्या पंखापेक्षा थोडा लांब असतो. दीड मीटर पसाऱ्याचे विमान वीस मीटरच्या वर्तुळात फिरते तेव्हा बाहेरच्या टोकाला आतल्या टोकापेक्षा सुमारे आठ टक्के अधिक वेगाने जावे लागते. पंखाची उचल वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्याने दोन टोकांच्या उचलीत सोळा टक्क्यांच्या आसपास फरक पडतो. बाहेरचा पंख जास्त उचलला गेला तर विमान पायलटकडे कलते, त्याच्या उचलीचा एक भाग पायलटच्या दिशेला वळतो आणि तारा सैल पडतात. म्हणून आतला पंख लांब ठेवतात आणि बाहेरच्या पंखाच्या टोकात शिशाचे काही ग्रॅम वजन बसवतात. हे वजन आतल्या बाजूला लोंबणाऱ्या तारांच्या भारालाही तोलून धरते. इंजिन आणि रडर, म्हणजे शेपटीचे उभे सुकाणू, यांना किंचित बाहेरच्या दिशेला वळवण्याची प्रथाही सर्वत्र आहे, परंतु ही मात्रा अधिक झाली तर विमान वाकडे चालते आणि हवेचा अडथळा वाढून उलट नुकसान होते.

या सर्वांत नाजूक जागा म्हणजे पंखाच्या टोकातून तारा जेथे बाहेर पडतात ती. जोडतारांच्या या निर्गमस्थानाची चर्चा नवखा बांधणारा बहुधा वगळतो, आणि पुढे विमान का बिघडले याचा शोध इंजिनात घेत बसतो. हवेतून वेगाने जाणाऱ्या तारा सरळ राहत नाहीत. हवेच्या अडथळ्यामुळे त्या मागच्या बाजूला धनुष्यासारख्या वाकतात, त्यामुळे त्यांचा ओढा विमानावर थोडा मागच्या दिशेने येतो. तारा बरोबर गुरुत्वमध्याच्या रेषेत बाहेर काढल्या तर विमानाचे नाक आत वळते आणि ताण जातो. म्हणून तारा गुरुत्वमध्याच्या काहीशा मागे काढाव्या लागतात, पण फार मागे काढल्या तर नाक बाहेर वळते आणि प्रत्येक तीव्र वळणात विमान हिंदकळते. योग्य जागा गणिताने जवळपास सापडते, नेमकी मात्र उडवूनच कळते; म्हणून जाणते बांधणारे पंखाच्या टोकाला एक सरकती पट्टी बसवतात आणि दोन उड्डाणांच्या मध्ये ती एखाददुसऱ्या मिलिमीटरने पुढेमागे करून पाहतात.

बांधणीचे मुख्य द्रव्य बाल्सा हे लाकूड आहे. दक्षिण अमेरिकेत, विशेषतः इक्वेडोरमध्ये, आढळणाऱ्या या झपाट्याने वाढणाऱ्या झाडाचे लाकूड घनमीटरला साधारण १०० ते १६० किलो इतके हलके मिळू शकते आणि वजनाच्या मानाने त्याची ताकद असाधारण असते. तथापि बाल्साच्या दोन फळ्या कधीच सारख्या नसतात, हे शिकणे हा या कलेचा पहिला धडा आहे. खोडाचा छेद ज्या दिशेने घेतला असेल त्याप्रमाणे फळीचा स्वभाव बदलतो. लांब रेषांचे पोत दाखवणारी फळी आडवी सहज वाकते, ती पंखाच्या पुढच्या गोलाईवर चढवण्यास योग्य. अरीय छेदातून निघालेली, पृष्ठभागावर चमकदार ठिपके दाखवणारी फळी वाकवू गेल्यास तडकते, परंतु तिच्यातून कापलेल्या पंखाच्या फासळ्या, ज्यांना रिब म्हणतात, आकार घट्ट धरून ठेवतात. दुकानात फळी हातात घेऊन उजेडासमोर धरणे, तिच्या कडा हलके वाकवून पाहणे, प्रत्येक तुकडा तोलून त्यावर पेन्सिलीने वजन लिहून ठेवणे, ही कामे करवतीच्या आधी येतात. इंजिनाचा भार घेणाऱ्या नाकाच्या भागात कठीण लाकूड आणि प्लायवूड, धडाच्या मागच्या भागात मिळेल तितके हलके बाल्सा, असा भेद करावा लागतो. कारण शेपटीत वाढलेला प्रत्येक ग्रॅम नाकात कित्येक ग्रॅमांनी फेडावा लागतो. सांगाडा झाल्यावर त्यावर टिश्यू कागद, रेशीम किंवा कृत्रिम धाग्याचे पातळ कापड चढवून डोप नावाच्या रोगणाचे हात देतात. डोप वाळताना आक्रसतो, आच्छादन ताणले जाते आणि तोवर हातात पिळवटणारा सांगाडा एकदम ताठ होतो. पुढे मिथेनॉलयुक्त इंधनाने वितळणार नाही असे वरचे आवरण चढवणे भाग असते.

पंखाचा छेद वर आणि खाली सारखाच फुगीर ठेवतात, कारण हे विमान सुलटे जितके उडते तितकेच त्याला उलटेही उडावे लागते. याच कारणाने कसरतीच्या विमानांत फ्लॅपची एक वेगळी योजना आढळते. प्रवासी विमानात फ्लॅप उतरताना वेग कमी करण्यासाठी खाली सोडतात. येथे पंखाच्या मागच्या कडेवरील फ्लॅप इलेव्हेटरला सळईने जोडलेले असून इलेव्हेटर वर गेला की फ्लॅप खाली येतात आणि इलेव्हेटर खाली गेला की ते वर जातात. त्यामुळे वळणाच्या क्षणी पंखाचा छेद जणू त्या दिशेला वाकवला जातो आणि उचल एकदम वाढते. बॉब पामर यांनी ही योजना कसरतीत रुजवली आणि जॉर्ज ऑल्ड्रिच यांच्या नोब्लर या १९५० च्या दशकातील विमानाने तिला प्रमाणभूत रूप दिले. गरज किती आहे याचा अंदाज एका आकड्यावरून येईल. सेकंदाला २४ मीटर वेगाने जाणारे विमान चार मीटर त्रिज्येच्या कोपऱ्यातून वळवले, तर त्याच्या पंखांवर वजनाच्या जवळजवळ पंधरापट भार पडतो. इतका भार माणूस वाहणाऱ्या बहुतेक विमानांना सोसणार नाही. आणि तो सोसणारा पंख कागद, डोप व हलके बाल्सा यांचा बनलेला असतो.

इंजिनाच्या बाबतीत १९४७ हे वर्ष निर्णायक ठरले. त्या वर्षी रे आर्डन यांनी ग्लो प्लग बाजारात आणला. प्लॅटिनमयुक्त तारेचे बारीक वेटोळे सुरुवातीला विजेरीने तापवले की पुढे मिथेनॉलच्या वाफेशी होणाऱ्या उत्प्रेरक क्रियेमुळे आणि ज्वलनाच्या उष्णतेमुळे ते स्वतःच तप्त राहते. त्यामुळे ठिणगीसाठी लागणारी कॉइल, कंडेन्सर आणि बॅटरी विमानातून हद्दपार झाली. युरोपात याच काळात ईथर, रॉकेल आणि एरंडेल तेल यांच्या मिश्रणावर दाबाने पेटणारी छोटी डिझेल इंजिने लोकप्रिय झाली. ग्लो इंजिनाच्या इंधनातही मिथेनॉलबरोबर एरंडेल मिसळले जाते, आणि मैदानावर जळक्या एरंडेलाचा जो विशिष्ट वास रेंगाळतो तो जुन्या हौशी मंडळींना आयुष्यभर आठवतो. कसरतीच्या पायलटांनी या साध्या दोन-टप्पी इंजिनाचा एक गुण हेरला. मिश्रण मुद्दाम किंचित गडद, म्हणजे जास्त इंधनाचे, ठेवले तर इंजिन सरळ उड्डाणात एकाआड एक फेरीत पेटते आणि संथ चालते. नाक वर होऊन भार वाढला की ते प्रत्येक फेरीत पेटू लागते, आवाज चढतो, ताकद वाढते, आणि विमान पुन्हा सपाट होताच ते आपोआप मूळ चालीवर येते. पायलटच्या हाती वेग कमीजास्त करण्याचे कोणतेही साधन नसताना इंजिनाने आपणहून वेग राखावा, ही किमया केवळ सुईच्या झडपेच्या एका फिरकीतून साधते. टाकीचीही अशीच गोष्ट आहे. वर्तुळात फिरताना इंधन बाहेरच्या भिंतीकडे फेकले जाते, म्हणून टाकीतील शोषनळीचे तोंड बाहेरच्या मागल्या कोपऱ्यात ठेवतात. आणि सुलट्या व उलट्या फेरीला लागणारा वेळ सारखा येत नसेल तर टाकी मिलिमीटरभर वर किंवा खाली बसवतात. अलीकडे विद्युत मोटर आणि लिथियम बॅटरी यांनी यातील बराच त्रास दूर केला आहे. हे परिवर्तन स्वागतार्हच म्हटले पाहिजे, कारण आवाजामुळे बंद झालेली मैदाने त्याने पुन्हा खुली केली आहेत.

जागतिक स्पर्धांचे नियम आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघ, म्हणजे एफएआय, ठरवतो आणि त्याने या प्रकाराला एफ२ हे वर्गनाम दिले आहे. त्यांपैकी कसरतीचा वर्ग, एफ२बी, सर्वांत अधिक समजूत मागतो. ठरलेल्या क्रमाने गोल, चौकोनी आणि त्रिकोणी वेढे, उलटे उड्डाण, आडवे आणि उभे आठ, वाळूच्या घड्याळाचा आकार, डोक्यावरचे आठ आणि चार पाकळ्यांची आकृती काढून विमान उतरवायचे असते, आणि परीक्षक प्रत्येक आकृतीला गुण देतात. आकृतीचा तळ जमिनीपासून दीड मीटरवर यावा आणि बहुतेक आकृत्यांचा माथा ४५ अंशांच्या रेषेला टेकावा अशी अपेक्षा असते. घुमटाच्या वक्र पृष्ठभागावर चौकोन काढायचा म्हणजे काय, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे. परीक्षकाला सरळ दिसणारी बाजू प्रत्यक्षात गोलावरचा कंस असते आणि पायलटला ती स्वतःच्या जागेवरून, म्हणजे घुमटाच्या मध्यातून, पाहावी लागते. चाळीस सेंटिमीटरची चूक तेथे ठळकपणे दिसते. रेडिओवर उडणाऱ्या विमानाची आकृती मोकळ्या आकाशात कोठेही काढलेली असते, येथे मात्र प्रत्येक रेषा त्याच एका पटलावर, मागच्या रेषेच्या शेजारी, उमटते. बंधनामुळे अचूकता मोजता येऊ लागते, ती अशी.

इतर वर्गांत वेगाचा एफ२ए हा अभियांत्रिकीचा कळस आहे. अडीच घनसेंटिमीटरचे इंजिन, १७.६९ मीटर तारा आणि नऊ फेऱ्यांचे मिळून एक किलोमीटर अंतर, अशी त्याची मांडणी आहे. सर्वोत्तम विमाने ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास जातात, त्यांची इंजिने मिनिटाला चाळीस हजारांच्या घरात फेरे घेतात आणि पंख्याला एकच पाते असून दुसऱ्या बाजूला प्रतिभार असतो. या वेगाला विमानावर येणारा केंद्राकडचा ओढा त्याच्या वजनाच्या चाळीसपट भरतो. पायलटने हात पुढे नेऊन विमानाला गोफणीसारखी गती देऊ नये यासाठी वर्तुळाच्या मध्यावर एक खांब रोवलेला असतो आणि मोजणीच्या काळात मूठ त्या खांबावरच्या दुबेळक्यात टेकवून ठेवावी लागते. एफ२सी या शर्यतीत तीन पायलट एकाच वर्तुळात खांद्याला खांदा लावून फिरतात, विमाने ताशी २०० किलोमीटरच्या आसपास धावतात, आणि शंभर फेऱ्यांच्या, म्हणजे दहा किलोमीटरच्या, अंतरात इंधनासाठी उतरलेले विमान बाहेर थांबलेला मेकॅनिक हाताने झेलतो, टाकी भरतो, इंजिन चालू करतो आणि काही सेकंदांत सोडून देतो. एफ२डी ही झुंज आहे. दोन विमानांच्या शेपटीला कागदी फिती बांधलेल्या असतात आणि प्रतिस्पर्ध्याची फीत आपल्या पंख्याने कापायची असते. संक्रांतीच्या पतंगांच्या काटाकाटीत हात मुरलेल्या माणसाला तिचे मर्म समजावून सांगावे लागत नाही.

रेडिओ नियंत्रणाचे प्रयोग वॉल्टर आणि विल्यम गुड या बंधूंनी १९३० च्या दशकातच केले होते, परंतु ट्रान्झिस्टरने यंत्रे हलकी व स्वस्त केल्यावर हौशी मंडळींचा ओघ तिकडे वळला आणि कंट्रोल लाइनची मैदाने विरळ होत गेली. जे टिकले ते बांधण्याच्या आवडीमुळे टिकले, असे म्हणावे लागते. अमेरिकेतील राष्ट्रीय कसरत स्पर्धेत दीर्घकाळ असा दंडक राहिला की उडवणाऱ्यानेच विमान बांधलेले असावे, आणि त्याच्या देखणेपणालाही गुण द्यावेत. या दंडकावर तेथे वारंवार वाद झाले. तयार विमान विकत घेण्याची परवानगी दिल्यास स्पर्धक वाढतील हा युक्तिवाद दुबळा नाही. तरीही आपल्या विमानाची प्रत्येक फासळी हाताखालून गेलेल्या माणसाला हवेतला बिघाड जेवढा लवकर उमगतो, तेवढा इतराला उमगत नाही, हे मान्य करणे भाग आहे.

भारतात या विद्येचा सर्वांत मोठा आधार राष्ट्रीय छात्र सेनेच्या, म्हणजे एनसीसीच्या, हवाई शाखेने पुरवला आहे. एरोमॉडेलिंग हा तेथील प्रशिक्षणाचा भाग असून अखिल भारतीय वायुसैनिक शिबिरातील स्पर्धांत कंट्रोल लाइन उड्डाणाला स्थान आहे. मुंबई, पुणे आणि नागपूर येथील महाविद्यालयीन छात्रांपैकी अनेकांनी आयुष्यात पहिल्यांदा हवेत काही उडवले ते या दोन तारांवर. हा दुवा मोलाचा असूनही त्याचा शैक्षणिक उपयोग अपुराच झाला आहे. स्पर्धेपुरती दोनचार मुले तयार करायची आणि विमान कोणी तरी बांधून द्यायचे, ही पद्धत अनेक ठिकाणी पडली आहे. त्यात उडवण्याचे कौशल्य येते, पण उचल, अडथळा, गुरुत्वमध्य आणि ताण यांचा विचार निसटतो. अभियांत्रिकी आणि तंत्रनिकेतनाच्या विद्यार्थ्यांना एका सत्रात एक साधे विमान स्वतः बांधून उडवू दिले, तर केंद्राभिमुख बलाचे सूत्र पाठ करून घेण्याची आवश्यकता उरणार नाही.

शिकण्यासाठी योग्य विमान म्हणजे सपाट फळीच्या धडाचे, ज्याला प्रोफाइल म्हणतात ते, दीड ते अडीच घनसेंटिमीटर इंजिनाचे साधे मॉडेल. त्याचा गुरुत्वमध्य पुढे ठेवावा, कारण त्यामुळे विमान आज्ञेला सावकाश प्रतिसाद देते आणि नवशिक्याला ते हवेच असते. पहिल्या उड्डाणात चक्कर येणे स्वाभाविक आहे. नजर आजूबाजूच्या झाडांवर न ठेवता विमानावर खिळवली की ती पुष्कळशी कमी होते. मनगट ताठ ठेवून सारा हात खांद्यातून वरखाली करावा, केवळ मनगट हलवू नये, ही सूचना प्रशिक्षक पुन्हापुन्हा देतात. कारण घाबरलेले मनगट नेहमी गरजेपेक्षा जास्त आज्ञा देते, विमान उसळते, मग शिकणारा उलट आज्ञा देतो आणि विमान जमिनीत शिरते. पहिले काही दिवस प्रशिक्षक शिकणाऱ्याच्या मागे उभा राहून त्याच्या मुठीवर आपली मूठ ठेवतो, तेव्हा ताणाची भाषा शब्दांशिवाय एका हातातून दुसऱ्या हातात जाते. जागा म्हणून फुटबॉलच्या मैदानाएवढे सपाट पटांगण पुरते, आणि महाराष्ट्रात पावसाळा सरल्यापासून उन्हाळी वारे सुटेपर्यंतचा काळ, विशेषतः सकाळचे पहिले दोन तास, त्याला सर्वांत अनुकूल असतो.

सुरक्षिततेच्या बाबतीत कोणतीही सवलत घेता येत नाही. पोलादी तारांना विजेच्या तारांचा स्पर्श झाल्याने माणसे दगावली आहेत. म्हणून जेथे वरून वीजवाहिनी जाते त्या मैदानावर, ती कितीही दूर भासली तरी, हे विमान उडवू नये, आणि आभाळ गडगडू लागताच मूठ खाली ठेवावी. हँडलला जोडलेला पट्टा मनगटात घातल्याशिवाय इंजिन चालू करू नये. कसरतीच्या स्पर्धेत उड्डाणापूर्वी विमानाच्या वजनाच्या दहापट ओढ देऊन तारा, बेलक्रँक आणि जोड तपासले जातात. सरावाच्या वेळीही ही चाचणी तितक्याच काटेकोरपणे घ्यावी. विमान सोडण्याआधी पायलटने मूठ मागे कलवावी आणि मदतनिसाने इलेव्हेटर खरोखर वर गेला आहे हे मोठ्याने सांगावे, कारण उलट अडकवलेल्या तारांनी कित्येक नवी विमाने पहिल्याच फेरीत संपवली आहेत. उड्डाण संपल्यावर तारा पुसून चकरीवर गुंडाळून ठेवाव्यात, आणि गुंडाळताना एखाद्या तारेला मुरड पडलेली दिसली तर ती सरळ करून पुन्हा वापरण्याचा मोह न धरता ती संपूर्ण तार बदलावी.